हसायची जागा

"हशमतमियाँ वारले," असं बद्रीनाथने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, आणि त्याची बायको आवडाबाई हसली. ओठांतल्या ओठांत नव्हे, चांगली हसली. मेथी निवडता निवडता तिने पदर तोंडाला लावला, खांदे हलले, मान बाजूला गेली. "तुमचं आपलं काही तरीच," असं म्हणून ती पुन्हा निवडायला लागली. बद्रीनाथ तसाच उभा राहिला. त्याच्या हातात हैदराबादहून आलेलं पोस्टकार्ड होतं. उर्दूत चारच ओळी, हशमतच्या थोरल्या मुलाने लिहिलेल्या: अब्बा जुम्म्याच्या दिवशी गेले, तकलीफ फारशी झाली नाही, शेवटपर्यंत आपली आठवण काढत होते. पोस्टमन आला तेव्हा सकाळचे दहा झाले असतील. कार्ड त्याने फाटकाशीच उन्हात वाचलं, दोनदा वाचलं, आणि आत आला. सांगायच्या आधी तो दारात थांबला होता हे खरं. माणूस मेल्यावर त्याच्याबद्दलचा पहिला शब्द आपल्याच तोंडून निघायचा असला की जीभ जड होते. तर तो थांबला, हनुवटी खाली गेली, नजर फरशीवर गेली, आणि मग तो बोलला. आणि आता त्याच्या लक्षात आलं, की गेली तीस-बत्तीस वर्षं काही गमतीचं सांगायचं असलं की तो दारात अगदी अस्साच थांबत आला होता.

तिला कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दाराची कडी वाजली तर तिला कळत नसे. कुकरच्या शिट्ट्या शेजारच्या साळूबाईने मोजाव्यात आणि कमरेएवढ्या भिंतीवरून ओरडून सांगाव्यात, "आवडाबाई, चार झाल्या, उतरवा!" असा दोन वर्षांपासूनचा रिवाज होता. जालन्याच्या मुलीने कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते तिने दोन दिवस लावलं आणि "ह्यात समद्या छावणीचा कालवा ऐकू येतो, माणसाचं बोलणं तेवढं येत नाय," म्हणून कपाटात ठेवून दिलं. सगळे तिच्याशी ओरडून बोलत. पण बद्रीनाथला ओरडावं लागत नसे. तो नेहमीच्या आवाजात बोले आणि ती हसायच्या जागी बरोबर हसे. या गोष्टीचा त्याला केवढा ताठा होता! मुलीला सांगून झालं होतं, साळूबाईला सांगून झालं होतं, हशमतला तर पत्रात लिहिलं होतं, की दुनियेचं ऐकू येत नाही पण माझं येतं, आवाजाची सवय लागते माणसाला. आता तो माठातलं पाणी घ्यायच्या निमित्ताने तिच्या पाठीमागे गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "दूध उतू चाललंय." कुठलीही बाई चितेवरून उठून धावेल असं ते वाक्य. आवडाबाईने मेथीची दुसरी जुडी सोडली आणि तिचा दोरा बाजूला ठेवला.

समोर येऊन त्याने हातवारे करून सांगितलं, की जरा पाय मोकळे करून येतो. "ऊन लई आहे, टोपी घाला," ती म्हणाली. त्याने टोपी घातली आणि तो छावणीतून औरंगाबाद शहराच्या दिशेने निघाला. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. हशमत मेला हे दुःख करायला निघालो आहोत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती, पण छावणीचा बाजार ओलांडेपर्यंत मनात हशमत नव्हताच. मनात एकच गोष्ट होती: दोन वर्षं ही बाई आपलं तोंड बघून हसते आहे. दूधवाल्या सांडूची म्हैस आणि त्याची सासू यांची तुलना ऐकून ती हसली होती. नळाला पाणी येण्याच्या वेळा आणि साहेबांच्या येण्याच्या वेळा यावर तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यातला एक शब्द तिच्या कानात गेला नव्हता. आटलेल्या विहिरीत मोट सोडावी, ती रिकामीच वर यावी, आणि बैल मात्र ऐटीत झुलत चालावेत, तसे आपण दोन वर्षं चाललो. बरं, दोनच वर्षं कशावरून? जी बाई दोन वर्षं इतकं बेमालूम हसू शकते, तिला त्याआधी कान होते म्हणून ती खरं हसत होती याला पुरावा काय? नवरा आहे, उमेदीने सांगतो आहे, हसावं बिचाऱ्याला, असं तर ती पहिल्या दिवसापासून करत नव्हती? बारापुल्ला दरवाजाच्या सावलीत येऊन तो थांबला. आपण तिला एकदा तरी खरोखर हसवलं का, एवढं आपल्याला कळलंच पाहिजे, असं त्याला वाटलं. मनाला त्याची लाजही वाटली. मित्र मेला आहे आणि आपण कसली चौकशी लावली आहे! पण लाज वाटली म्हणून मन थोडंच थांबतं?

कारण विनोद हा काही त्याच्या अंगचा गुण नव्हता. लोक कर्ज काढून घर बांधतात तसा तो त्याने मेहनतीने उभा केला होता. सिल्लोडच्या बाजूला त्याचं गाव, घरची शेती, आणि बाप पुंजाराम असा की दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर सहा बैलांशी. त्या घरातून बद्रीनाथ शिकून नोकरीला शहरात आला तो तोंडाला कुलूप घेऊनच आला. पोलीस अॅक्शनला पुरती दोन वर्षं झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, आणि जावई म्हणून तो सोयगावकडे सासरी जेवायला गेलेला. पानात पुरणाचे धोंडे. त्यांतल्या एकात मेव्हण्यांनी पुरणाऐवजी मीठ भरलेलं. ही त्या घरची रीत. जावयाने घास घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि असं काही बोलायचं की मेव्हण्यांना पळता भुई थोडी व्हावी. त्या एका वाक्यासाठी सगळं घर दाराआड कान देऊन उभं होतं. बद्रीनाथने घास घेतला. त्याला वाटलं, यांच्या घरी चुकून झालं असेल, बोललो तर बिचाऱ्यांना वाईट वाटेल. आणि पानात टाकणं तर त्याच्या घरात पापच. त्याने तो अख्खा धोंडा शांतपणे चावून खाल्ला. "कसं झालंय, जावईबापू?" आवडाबाईच्या चुलतीने, मनकर्णाबाईने विचारलं. "चांगलं झालंय," बद्रीनाथ म्हणाला. मग मनकर्णाबाई सावकाश म्हणाली, "पोरी, नवरा लई गुणाचा भेटला गं तुला. दावणीला बांधला तरी हंबरायचा नाय." आणि जे हसणं उसळलं ते ओट्यावरून गोठ्यापर्यंत गेलं. आवडाबाई तेवढी उठून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी आरटीडीच्या सरकारी बसमध्ये फर्दापूर मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "येक शब्द तरी बोलायचा व्हता. 'तुमच्याकडं मीठ लई पिकतंय जणू,' आसं तरी." अठरा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते आपल्याला सुचलं नाही, हे बद्रीनाथला मिठाहून जास्त झोंबलं. सिल्लोड आलं, गेलं. औरंगाबाद येईपर्यंत त्याची तहान काही भागली नाही.

किल्ले अर्काजवळच्या कचेरीत तेव्हा जमिनीची जुनी उर्दू दफ्तरं मराठीत आणण्याचं काम चाललं होतं. निजामाच्या शाळेत शिकल्यामुळे बद्रीनाथला उर्दू येत होती, आणि शेजारच्या मेजावर हशमत अली बसत होता. बारा वर्षांनी मोठा, किडकिडीत, एक गुंडी नसलेली शेरवानी. लाल कापडात बांधलेल्या बस्त्यांचा ढीग आणि वाळवीचा तो गोडसर वास. त्या वासात बसून हशमत कागदावरची नजर न उचलता एखादं वाक्य बोले आणि सगळी कचेरी लोळायची. तो स्वतः हसत नसे. एके दिवशी चहाच्या वेळी, गुप्तरोगाबद्दल हकिमाला विचारावं तसं बद्रीनाथने खालच्या आवाजात त्याला विचारलं, "मियाँ, हे मला शिकवता का?" "क्या?" "हे. माणसाला हसवायचं." हशमतने चहाची बशी खाली ठेवली. तो हसला नाही, आणि बद्रीनाथने त्याला जन्मभर मान दिला तो या एका न हसण्यासाठी. "बीवी के वास्ते?" त्याने विचारलं. बद्रीनाथचे कान तापले. "हौ," तो म्हणाला. "तो मुश्किल है," हशमत म्हणाला. "दफ्तर को हँसाना आसान. दफ्तर तो वैसे बी काम से भागनाच चाहता. बीवी किधर भागेगी?"

शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी बस्ता सोडायच्या आधी हशमत विचारी, "आज क्या देखा?" आणि बद्रीनाथने रस्त्यात पाहिलेलं एक काहीतरी सांगायचं. पहिले दोन महिने त्याला काही दिसतच नव्हतं. माणसं दिसत, दुकानं दिसत, सांगण्यासारखं काय? मग एकदा पैठणगेटजवळ टांगा उलटलेला दिसला आणि त्याला केवढा आनंद झाला. धावतपळत कचेरीत येऊन त्याने सांगितलं, की सकाळी सव्वानऊ वाजता पैठणगेटच्या अलीकडे टांगा पालथा झाला, आत कोर्टातले नाझिरसाहेब होते, ते रस्त्यावर पडले, इजा झाली नाही. "मियाँ, ये तो पंचनामा हो गया," हशमत म्हणाला. "तारीख नक्को, गवाह नक्को. ये बोल, घोडा किधर देख रा था?" मला काय ठाऊक, मी नाझिरसाहेबांकडे बघत होतो, बद्रीनाथ म्हणाला. "वोइच गलती है. गिरे हुए को तो सारा गाँव देखता. तू उसको देख जो खडा है." मग तो कागदावर बघत म्हणाला, "घोडा नाझिरसाब को देख रा था. बोला, आओ, अब तुम्हारी बारी." मागच्या मेजावरचे दोघे फुटले. बद्रीनाथ हसला नाही; तो थक्क झाला होता. त्या दिवसापासून त्याला शहर दिसायला लागलं. शहागंजच्या घड्याळाखाली उभं राहून स्वतःचं घड्याळ शेजाऱ्याला विचारून लावणारा म्हातारा, पाणचक्कीच्या हौदाशी कबुतरांना दाणे घालताना एका लंगड्या कबुतराशी भांडण काढून बसलेली बाई, गुलमंडीवर उर्दू पाटी उतरून मराठी पाटी चढवताना दोन्ही हातांत धरून कोणती आधी टाकावी याचा विचार करणारा रंगारी. ते शहर त्याला पुन्हा कधी तसं दिसलं नाही. टांग्यांच्या नालांचा आवाज, भिस्तीने शिंपडलेल्या रस्त्याचा वास, आणि आपल्याजवळ कुणाला तरी सांगण्यासारखं काहीतरी आहे या आनंदात झपाझप चालणारा पंचवीस वर्षांचा तो. फक्त एक अडचण होती. "तेरा चेहरा चुगली खाता," हशमत म्हणायचा. बद्रीनाथ बोलायच्या आधीच हसायचा. त्यावर हशमतने उपाय सांगितला: थांब, हनुवटी खाली, फरशी बघ, मग बोल.

आणि एका दिवेलागणीला छावणीतल्या भाड्याच्या खोलीच्या दारात तो असा थांबला. चपला काढल्या, फरशी बघितली, आणि टांग्याची गोष्ट सांगितली. शेवटचं वाक्य हशमतच्याच बोलीत सांगितलं, कारण ते मराठीत केलं की मरत होतं. आवडाबाई चुलीपुढे होती. तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलले, मान बाजूला गेली. "तुमचं आपलं काही तरीच," ती म्हणाली. बद्रीनाथला वाटलं, आपल्याला आज नोकरी लागली. दुसऱ्या दिवशी त्याने हे हशमतला सांगितलं, तेव्हा हशमतने कलम खाली ठेवलं आणि उठून त्याच्याशी हात मिळवला. पुढे दर संध्याकाळी काहीतरी घरी न्यायचं हा त्याचा नेम झाला. मुलं झाली, खोलीचं घर झालं. छप्पन साली राज्य बदललं. पुण्याकडून नवे साहेब आले. जुनी उर्दू दफ्तरं समोर दिसू नयेत अशी त्यांची आज्ञा झाली आणि फडताळांना पडदे लागले. हशमतने त्या पडद्याला वाकून सलाम केला. "कल तक लावारिस थे, आज पर्दानशीन हो गए," तो म्हणाला. बद्रीनाथ ते वाक्य घरी घेऊन गेला आणि आवडाबाई हसली. त्याच वर्षी हशमतने बदलीसाठी हैदराबाद मागून घेतलं. स्टेशनवर काचीगुड्याच्या गाडीच्या खिडकीतून तो म्हणाला, "बद्री, अब तेरी बात पे हँसेगा कौन?" गाडी हलली, गार्डाचा डबा दिसेनासा झाला, आणि परत येताना पदमपुऱ्यापाशी त्याला उत्तर सुचलं. ते त्याने दुसऱ्या दिवशी पोस्टकार्डावर लिहून पाठवलं: घरात हसणारी आहे. आठ दिवसांनी हशमतचं कार्ड आलं: तो फिर तुझे मुझसे बडा उस्ताद मिल गया. ते वाचून त्याची छाती फुगली होती. कार्डं तेव्हापासून चालूच राहिली, आणि खुलताबादच्या उरुसाला हशमत आला की दोन दिवस छावणीतच उतरायचा.

जुन्या कचेरीसमोर बद्रीनाथ येऊन उभा राहिला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दाराला कुलूप होतं, चहाच्या हॉटेलाच्या जागी चपलांचं दुकान होतं. हशमत वारला हे कुणाला तरी सांगावं म्हणून तो इथवर आला असावा, पण सांगण्यासारखा माणूस शहरात उरला नव्हता. मागच्या मेजावरचे दोघे कधीच गेले. हशमत म्हणजे कोण, हे सांगण्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि मग तो वारला हे सांगायचं. म्हणजे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने माणूस जन्मला आणि मेला एका दमात. हशमतला ओळखणारं शहरात एकच माणूस होतं आणि ते हसलं होतं. बद्रीनाथला आता खरोखर दुःख झालं. ते हशमतचं किती आणि स्वतःचं किती, हे त्याला निवडता आलं नाही. चपलांच्या दुकानदाराने "काय दाखवू, काका?" असं विचारलं तेव्हा तो वळला आणि रिक्षा करून घरी आला.

आवडाबाई ताट वाढून वाट बघत होती. तो सरळ तिच्यासमोर जाऊन पाटावर बसला आणि "आवडे," म्हणाला. या वेळी त्याने फरशीकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. आणि बत्तीस वर्षांत जे कधी दिसलं नव्हतं ते त्याला दिसलं. तिच्या भुवया वर चढल्या, डोळे त्याच्या तोंडावर खिळले, आणि उजवा हात हळूच पदराकडे निघाला. हसायची तयारी. हे ती रोज करत असणार आणि तेवढाच वेळ तो रोज फरशी बघत होता. त्याने तो हात धरला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "हशमतमियाँ वारले! कार्ड आलंय!"

"अगं बाई! कवा?" भिंतीपलीकडून साळूबाई म्हणाली.

आवडाबाईने त्याने खिशातून काढलेल्या कार्डाकडे बघितलं. तिला उर्दू वाचता येत नव्हती, पण ती कार्डाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "मगाशी हेच सांगत व्हता?" त्याने मान हलवली. "आन् मी हसले," ती म्हणाली. तिने डोळ्यांना पदर लावला. "दर उरुसाला यायचे. माझ्या हातचं धपाटं मागून खायचे. 'भाबी, ये तो हैदराबाद में नहीं मिलता,' म्हणायचे. आन् मी हसले." ती बराच वेळ रडली. बद्रीनाथ तिचा हात धरून बसला. ताटातली भाकरी वाळत चालली. ही वेळ नव्हे, हे त्याला कळत होतं. आज नको, उद्या विचारू, तेराव्यानंतर विचारू, मियाँभाईंत तेरावा नसतो, मग चाळिसाव्यानंतर विचारू. पण तो इतका वेळ ते पोटात घेऊन हिंडला होता की त्याला धीर निघेना. त्याने पुन्हा तिच्या कानाशी तोंड नेलं. बायकोला एकांतात, हलक्या आवाजात, मान खाली घालून विचारायचा प्रश्न. तो त्याने छावणीतल्या भर दुपारी, शिरा ताणून, दोन आळ्यांना ऐकू जाईल असा विचारला:

"माझ्या बोलण्याचं तुला कधी खरंच हसू यायचं का?"

"व्हय वो, लई हसायच्या!" साळूबाईने भिंतीपलीकडून तत्काळ सांगितलं. "आमच्या घरात ऐकू यायचं!"

बद्रीनाथ कानापर्यंत लाल झाला. आवडाबाईला साळूबाईचं काही ऐकू आलं नव्हतं. ती विचार करत होती. तिने पदराने नाक पुसलं आणि बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "खरं सांगू? ती तुमची हापिसातली बोली मला पहिल्यांदी कुठं कळत व्हती? टांग्याचं सांगितलं तवा घोडा आला येवढं कळलं. पुढचं काय, देवाला ठावं."

"मग हसलीस कशापायी?" त्याने तसंच कानाशी ओरडून विचारलं.

"लगीन झाल्यापासून तुम्ही घरात यायचा ते भिंतीवाणी. आलात, जेवलात, झोपलात. मला वाटायचं, ह्यांना मी आवडले नाय. त्या दिवशी दारात थांबलात. खाली बघितलं. आन् कान हे असे लालभडक. मला वाटलं, ह्यो माणूस माझ्यासाठी कायतरी जपून घेऊन आलाय, तेलाची वाटी आणावी तसं. तवाच हसू आलं, तुम्ही तोंड उघडायच्या आधी. आन् मग रोजच यायला लागलं."

"आन् नंतर? बोली कळायला लागल्यावर?"

आवडाबाईने प्रामाणिकपणे विचार केला. "काही बरी व्हती," ती म्हणाली. "काही लई रटाळ व्हती."

कोणती बरी होती, हा प्रश्न बद्रीनाथच्या अगदी जिभेच्या टोकावर आला होता. कारागिराची खोड मेल्याशिवाय जात नाही. पण त्याने दुसरंच विचारलं. दोन वर्षं मला का सांगितलं नाहीस, की माझंही ऐकू येत नाही?

"सांगितलं असतं तर तुम्ही वरडून सांगितलं असतं. वरडून सांगितलेलं ऐकू येतं, पर हसू येत नाय. आन् तुम्ही मग सांगायचंच सोडून दिलं असतं, मी वळखून हाय तुम्हाला." तिने ताट बाजूला सारलं. "आज माझंच चुकलं. आज कान लाल नव्हते. मी नीट बघितलं नाय."

ती पुन्हा रडेल असं त्याला वाटलं आणि ते त्याला सोसवेना. तो काही ठरवून बोलला नाही. थांबला नाही, हनुवटी खाली गेली नाही. जे झालं होतं ते त्याने तिच्या कानात ओरडून सांगितलं, की बाई, प्रश्न मी तुला विचारला, आणि उत्तर साळूबाईनं दिलं! "काय?" आवडाबाईने विचारलं. तिने कान त्याच्या तोंडाला चिकटवला. "साळूबाई! साळूबाई म्हणाल्या, लई हसायच्या! तीस वर्सं भिंतीपलीकडून त्याच मोजत बसल्यात!" पलीकडे साळूबाईच्या हातून भांडं पडलं आणि ती फिस्स करून हसली. आवडाबाईचं तोंड कोरंच होतं. ती ऐकलेलं जुळवत होती. एकेक शब्द आत गेला, आपापल्या जागी बसला. बद्रीनाथला वाटलं, मेलं, ओरडलेलं मेलं. आणि मग ती हसली. पदर तोंडाशी गेलाच नाही, तिला तेवढा वेळ मिळाला नाही. नाकातून घोरल्यासारखा आवाज आला, मग दुसरा आला, ती मागे भिंतीला टेकली आणि पोट धरून हसायला लागली. हे हसू ओबडधोबड होतं, त्याला ना लाज होती ना माप होतं, आणि ते बद्रीनाथने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. तोही हसला. पलीकडून साळूबाई "अवो, पुरे करा, माणूस गेलंय तुमचं," असं म्हणत स्वतःच हसत होती.

हे सांगितलंच पाहिजे, बद्रीनाथच्या मनात आलं. असं पुन्हा होणार नाही. कुठून सुरुवात करायची? प्रश्नापासून नको, साळूबाईपासूनही नको. भिंतीपासून करावी, कमरेएवढी भिंत आधी उभी करावी, मग आपण, मग ही, आणि ती पलीकडची अगदी शेवटी आणावी. उर्दूत पहिलं वाक्य त्याच्या डोक्यात आपोआप तयार झालं, दुसरं झालं. शेवटचा शब्द कुठे ठेवायचा तेही बसलं. हे वाचून तो कलम खाली ठेवील, म्हणेल, ये तेरी अपनी है बद्री, ये मैंने नहीं सिखाई. सगळं जुळून आलं, आता फक्त लिहायचं आणि वर पत्ता घालायचा. तेव्हा, पत्त्यापाशी, त्याला सकाळपासून पहिल्यांदा कळलं की हशमत नाही. त्याला रडू फुटलं. आवडाबाई हसता हसता थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.